बाबांच्या झडपेचा आवाज

(रविवारची सकाळ. सदाशिव पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हिंजवडीत नोकरी करणारी अवनी आईचा फोन आल्याबरोबर होती तशी निघून आली आहे. वडील दिगंबर, निवृत्त गणितशिक्षक, आरामखुर्चीत.)

हेमा : चपला राहू देत गं. आधी त्यांच्या छातीला कान लाव.

दिगंबर : या. मी आता प्रदर्शनातली वस्तू झालोय. तिकीट लावा.

अवनी : बाबा, एक मिनिट बोलू नका.

दिगंबर : ऐकलंस? चालू आहे ना? मग चहा टाका कुणीतरी.

अवनी : आई, असा आवाज कधीपासून येतोय?

हेमा : परवापासून. यांच्या हृदयात व्हॉल्व्ह बसवला तेव्हा त्याच्या टिकटिकीनं मला महिनाभर झोप नव्हती. आता ती ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही. परवा रात्री आडवी झाले, तर आवाज कसा... गोधडीत घड्याळ गुंडाळल्यासारखा.

दिगंबर : तिचे कान म्हातारे झाले. दोष मात्र माझ्या छातीचा.

अवनी : जिना चढताना दम लागतो?

दिगंबर : तिसरा मजला आहे. दम पोस्टमनलाही लागतो.

हेमा : काल पायरीवर बसकण मारली होती! शेजारच्या श्रीनिवासरावांनी हाताला धरून वर आणलं.

अवनी : आणि रक्त पातळ करायची गोळी? रोज घेताय ना?

हेमा : रोज. मी स्वतः वाटीत काढून ठेवते.

अवनी : मी बाबांना विचारतेय. बाबा?

दिगंबर : दात काढायचा होता. डॉक्टर म्हणाले, गोळी थांबवा.

अवनी : तो तर दसऱ्याला काढला! आता दिवाळी तोंडावर आली. परत सुरू कधी केलीत?

दिगंबर : थांबवा म्हणाले. सुरू करा असं कोणी म्हणालं नाही.

हेमा : म्हणाले असतील! तुम्ही तोंडात कापूस धरून त्यांच्याशी खुर्चीच्या कोनावर वाद घालत होतात. आणि मग वाटीतली गोळी जाते कुठे?

दिगंबर : परत डबीत. टाकून कशाला द्यायची?

हेमा : अगं बाई! तरीच म्हटलं, या वेळी डबी एवढी पुरतेय कशी!

दिगंबर : हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. गोळीच्या पथ्यामुळे बंद झालेली अळूची भाजी पोटभर खाता आली. छान चाललं होतं. आण ती डबी, आत्ता दोन घेतो. फिट्टंफाट.

अवनी : नाही! हात लावू नका तिला. आई, अँब्युलन्सला फोन कर. सांग, कृत्रिम व्हॉल्व्ह आहे, अडकत असावा. लगेच या म्हणावं.

दिगंबर : तू केव्हापासून डॉक्टर झालीस?

अवनी : डॉक्टर नाही, पण ऑफिसात दिवसभर दुसरं काय बघते मी? स्क्रीनवर अशाच कृत्रिम झडपेचं मॉडेल चालतं, तिच्या दोन पाकळ्या उघडतात, मिटतात. रक्त जोरात धावतं तिथं लाल. पाकळी बिजागरीत बसते त्या कोपऱ्यात निळं. निळं म्हणजे रक्त रेंगाळतंय. तिथं गाठ धरली की पाकळी अडते. अडली की आवाज दबतो.

दिगंबर : मग तुमच्या त्या मॉडेलमध्ये किती वेळा अडली?

अवनी : एकदाही नाही.

दिगंबर : झालं तर.

अवनी : कारण त्यात रक्त गोठतच नाही! तसं गृहीत धरलंय आम्ही. दाब मोजतो, पाकळीवरचा ताण मोजतो, बिजागरीची गोलाई केसभर बदलून परत सगळं रन करतो. पण त्यातला माणूस गोळी डबीत परत ठेवत नाही, बाबा. तो दातसुद्धा काढत नाही.

दिगंबर : ...गृहीत धरलेलं तपासल्याशिवाय पुढची पायरी लिहायची नाही. जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलो.

अवनी : मला खूप भीती वाटतेय. तो निळा कोपरा दिसला की मला तुमचीच छाती आठवते. रोज. प्लीज, आज हट्ट नको.

दिगंबर : बरं, बरं. डोळे पूस. येतो मी. इस्त्रीचा शर्ट घालू का?

हेमा : फोन केला गं. निघाली म्हणतात, पण लक्ष्मी रोडला दिवाळीची गर्दी आहे. वेळ लागेल.

दिगंबर : बघा. पेठेत आजारी पडायलासुद्धा सोय नाही.

अवनी : मी चौकात जाऊन थांबते, त्यांना गल्ली दाखवायला. आई, यांना उठू देऊ नकोस. जिना तर मुळीच नाही. खुर्चीसकट उतरवू.

दिगंबर : खुर्चीसकट! निवृत्तीच्या दिवशी शाळेनं नुसता नारळ दिला होता. ...गेली का ती? हेमा, अगं, छातीवरचं डोकं बाजूला घे. दार उघडं आहे. जिन्यातून लोक बघतील.

हेमा : बघू देत.

दिगंबर : आणि त्या गोळ्यांचं म्हणशील तर, मला खरंच वाटलं होतं की—

हेमा : आता बोलू नका हो. मला ऐकू द्या.