कुरुचा आणा, म्हटलं होतं

आजी : आणि ह्या टोपलीत काय आहे म्हणायचं?

एलिसेओ : मासे, हेनोवेवा आजी. तुम्हीच बाबांना सांगितलं होतंत ना, तुमच्या नातीला, नुरितेला, मागायला याल तेव्हा मासे आणा म्हणून.

आजी : मी कुरुचा म्हणाले होते.

एलिसेओ : कुरुचा म्हणजे मासेच की.

आजी : तुमच्या तळ्याकाठच्या गावात असतील. आमच्या बेटावर कुरुचा एकच. पांढरा. उजेडात धरलास तर आरपार दिसतो, अंगावर एक रुपेरी रेघ, संपलं. बाकीच्यांना ज्याची त्याची नावं आहेत. ही चिलापी. ही कार्प, मिशा बघ मेलीच्या. उद्या लग्नात डुक्कर आणून पंगतीला बसवलंस, तर त्याला पाहुणा म्हणू का मी?

नुरिते : अगं, त्याला टोपली तरी खाली ठेवू दे.

आजी : ठेवू दे की. मांजराची सोय झाली.

एलिसेओ : आमच्या घरी आपली बोली आता कुणी बोलत नाही, आजी. बाबांना वाटलं, मासा म्हणजे कुठलाही मासा.

आजी : बोली सोडली की असंच होतं. शब्द राहतो आणि आतला मासा निसटतो.

नुरिते : पण मी सांगितल्यावर त्याने पांढरा शोधला, आजी. तळ्याला सगळी फेरी मारली.

एलिसेओ : ज्याला विचारलं तो हसला. एक जण म्हणाला, पांढऱ्याचा फोटो आहे, देऊ का?

आजी : ते फुलपाखराच्या पंखांसारखं जाळं मिरवणारे ना? पर्यटकांची लाँच आली की जाळं वर, लाँच गेली की जाळं खाली. माझ्या नवऱ्याने तेच जाळं पाण्यात घातलं रे. हे वाऱ्यात घालतात. त्यांना वाराच मिळायचा.

एलिसेओ : माशांना तरी काय झालं असेल?

आजी : काय झालं! मी परकरात होते तेव्हा सरकारी माणसं डबे घेऊन आली. म्हणाली, हा परदेशी मासा भराभर वाढतो, गरिबाचं पोट भरेल. ओतला तळ्यात. पोट भरलं खरं, पण त्याचं स्वतःचं. आमच्या माशाची अंडी पाणगवताला चिकटलेली असतात. हा चिखल उकरत येतो आणि गवतासकट फस्त करतो. वरून गावांची गटारं आली. तरी थोडे उरले होते. झऱ्याच्या मुखाशी.

नुरिते : आजी, आता ते नको.

आजी : का नको? मुलगा मागायला आलाय, घराची माहिती त्याला नको? झऱ्याचं पाणी तळ्यात उतरायचं तिथे गार असायचं, निवळशंख. अंडी घालायला कुरुचा तिथेच यायचा. मग ह्याच्या बापाने वर डोंगरात अवाकाडोची बाग लावली आणि झऱ्यावर पंप बसवला. आता मुखाशी काय आहे? चिखल. आणि चिखलात माझ्या नवऱ्याची होडी. बगळे बसतात तिच्यावर.

एलिसेओ : झऱ्याचं पाणी पुष्कळ जण घेतात, आजी. पण मोठा पंप आमचाच आहे. ते खरं.

नुरिते : बाग काही एलिसेओने लावली नाही.

आजी : लावली नाही. पायातले बूट मात्र त्याच बागेचे आहेत.

एलिसेओ : म्हणजे तुमचा नकार आहे?

आजी : मी कुठे नाही म्हणाले? मी कुरुचा आण म्हणाले.

नुरिते : थांब. थांब हं, आजी. तळ्यात तो नाही हे तुला माहीत होतं. नसलेली वस्तू मागितली की तोंडाने नाही म्हणावं लागत नाही, होय ना?

आजी : मोठ्या घरांत असंच असतं. कुणाचा अपमान होत नाही.

नुरिते : पण त्यात माझं काय होतं?

आजी : तुझं रडून होईल. मी पण रडले होते कधीतरी, जिवंत आहे.

नुरिते : एलिसेओ, बादली आण आत.

एलिसेओ : नको गं.

नुरिते : आण म्हणते ना!

एलिसेओ : अगदीच लहान आहे. टोपली देऊन निघायचं आणि जाताना त्याला सोडून द्यायचं, असं ठरवलं होतं मी.

आजी : कुणाला सोडायचं? कसली बादली?

(एलिसेओ ओल्या फडक्याने झाकलेली बादली आत आणतो. फडकं बाजूला होतं. आजी बादलीवर वाकते.)

आजी : नुरिते, दारातून सरक. उजेड येऊ दे.

नुरिते : दिसला?

आजी : दिसतो कसला, आरपारच आहे. डोळा दिसला. आणि ती रेघ. देवमाते, बोटाएवढा तर आहे.

एलिसेओ : म्हणूनच लाज वाटत होती.

आजी : गप. हात लावलास त्याला?

एलिसेओ : नाही. लोटा खाली घातला, पाण्यासकट उचलला.

आजी : ते बरं केलंस. माणसाचा हात लागला की मरतो हा. मोठा मानी. कुठे मिळाला?

एलिसेओ : तिकडे. काठाला.

आजी : काठ सगळ्या तळ्याला आहे. कुठे ते सांग.

एलिसेओ : आमच्या पंपाशी. झऱ्याच्या मुखाशी थोडं पाणी उरलंय, तिथे पाइप सोडलाय; त्याच्या तोंडावर जाळी असते, काडीकचरा ओढला जाऊ नये म्हणून. ती साफ करायला उतरलो होतो सकाळी. जाळीला चिकटले होते.

आजी : होते?

एलिसेओ : पुष्कळ. हा एवढा एकच हलत होता.

नुरिते : हे मला नव्हतं सांगितलंस.

एलिसेओ : मासा मिळाला म्हणून तू नाचत होतीस. कसं सांगणार?

आजी : म्हणजे येतात अजून. वाट विसरलेले नाहीत.

एलिसेओ : येतात, आजी. बाबा म्हणाले, त्या बाईला यातलं काही कळू देऊ नकोस, ती आधीच...

आजी : आधीच काय?

नुरिते : तिखट आहे, म्हणाले असतील.

एलिसेओ : याहून जरा जास्त म्हणाले.

आजी : तुझा बाप अगदीच मूर्ख नाही तर. तरी तू सांगितलंस.

एलिसेओ : तुम्ही विचारलंत.

आजी : पंप चालू आहे आत्ता?

एलिसेओ : मी बंद करून आलो. पण बाबा बाजारातून परतले की सुरू करतील. कोरडे दिवस आहेत, झाडं सुकायला लागलीत.

आजी : नुरिते, माझी निळी शाल काढ. चांगली. आणि सणाचा पाव आहे ना, तो फडक्यात बांध.

नुरिते : कुठे निघालीस?

आजी : ह्याच्या बापाकडे.

नुरिते : भांडायला?

आजी : भांडायला जाताना कुणी पाव नेतं का? मागायला.

नुरिते : मुलीकडचे कधी मागायला जातात? बेटावर हसतील सगळे.

आजी : हसू देत, दात तरी दिसतील. मुलगा नाही मागत मी, पाणी मागते. हे मासे अंडी घालतात तेवढे महिने पंप थांबव म्हणून.

नुरिते : माझ्या बदल्यात?

आजी : तुझ्या बदल्यात काही नाही. ह्याने कुरुचा आणला, तुझा विषय संपला. लग्नाचं तुम्ही बघा. जेवणात कार्प वाढलीत तर मात्र मी उठून जाईन. पाणी वेगळं मागते.

एलिसेओ : बाबा नाही म्हणतील, आजी.

आजी : म्हणतील. बाग त्यांची, तहान त्यांची. मी तरी त्यांच्या जागी काय म्हटलं असतं? तरी विचारायचं. आणि तू होडीत ही बादली मांडीवर घेऊन बस, वल्ही नुरिते मारील. पाइपापासून लांब, गवत असेल तिथे सोड त्याला.

नुरिते : शाल घे. पाव बांधला.

आजी : एलिसेओ.

एलिसेओ : काय, आजी?

आजी : माझ्या दारात पुष्कळ आले, मी कुणाच्या दारात गेले नाही. मागायला गेलेला माणूस आधी काय म्हणतो रे?

एलिसेओ : आधी काही म्हणत नाही, आजी. आतून कुणी ये म्हणेपर्यंत बाहेर उभा राहतो.

आजी : उभी राहीन.