ढिगावरच्या काकड्या

अरे, मीही एके काळी डोंगर फोडलेत! बोईसरला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, खडी पुरत नव्हती. तेव्हा मी मनोरजवळच्या एका दगडखाणीवर सुपरवायझर होतो. शेठनी सांगितलं होतं, डोंगरावरची माती आधी ओढ्यात लोटायची, मग सुरुंग. बुलडोझर सुरू होणार, तेवढ्यात पाड्यावरची जानकीआजी पुढ्यात येऊन उभी राहिली.

"दगड ने तू. पन माती वड्यात नको लोटू. तेच पानी आमी पितो."

"मग ठेवू कुठे, आजी?"

तिने काठीने खालचा सपाट तुकडा दाखवला. मला पटलं वगैरे काही नाही, पण तिला ओलांडून जायची हिंमत होईना. माती तिकडे टाकली. पावसाळ्यात आजीने त्या ढिगावर काकड्या लावल्या.

एक दिवस शेठ आले आणि भडकलेच. "माती इकडे कोणी आणली? डिझेल काय फुकट येतं?"

माझी नोकरी गेली, असंच मी धरून चाललो. आजी मात्र शांतपणे आली. काकडी मोडून अर्धी शेठच्या हातात दिली. "खा. तुज्याच डोंगराची हाय."

शेठनी खाल्ली. मग दुसरी मागितली. तशी गोड काकडी मला पुन्हा कुठे मिळाली नाही हो.

माझी नोकरी वाचली. पुढच्या वर्षी शेजारच्या टेकडीवर काम काढलं. बुलडोझर आला, माणसं आली, आणि शेठ मला म्हणाले, "थांब रे. आधी म्हातारीला विचारून ये, माती कुठे ठेवायची."