मुंगी न शिरणारा पाइप

हार्डवेअरच्या दुकानात बल्ब बदलून घ्यायला थांबलेल्या मास्तरांच्या पुढे तिघं उभे होते : नवरा, बायको आणि त्यांचा वायरमन.

“साहेब, जमिनीखालच्या वायरच्या पाइपात पाणी भरलंय. म्हणून मागच्या खोलीची लाइट गेलीय.”

“शक्यच नाही! दोन्ही तोंडं मी स्वतः सिलिकॉनने बुजवलीत. मुंगी शिरणार नाही.”

“मुंगी नाहीच शिरली. आतली हवा गार पडली की तिचंच पाणी होतं. ते बाहेर कुठून जाणार?”

“म्हणजे मी पाणी कोंडलं?”

“व्यवस्थित कोंडलंत. थेंब सुटलेला नाही.”

“भाऊ, यांचं कौतुक नंतर करा. मागच्या खोलीतलं माझं शिलाई मशीन चार दिवस बंद आहे. सोमवारी शाळेचे साठ गणवेश द्यायचेत.”

“ताई, पाइपाला खालून भोक पाडू, पाणी काढू, नवी वायर ओढू. संध्याकाळपर्यंत मशीन चालू.”

“भोक? आणि बाहेरचं पाणी आत आलं तर?”

“येईल तसं जाईल, साहेब.”

“माझ्या पाइपाला कुणी हात लावायचा नाही!”

“बरं. मग मशीन हॉलमध्ये आणते, तुमच्या टीव्हीसमोर. सोमवारपर्यंत खडखडेल.”

काउंटरवाल्याने मास्तरांना पुढे बोलावलं. मास्तर हलले नाहीत.

“भोक,” नवऱ्याने घसा खाकरला, “केवढं पाडावं लागेल?”