दुसऱ्या गिअरची खडखड

नाही, पण मला एक सांगा... गाडीचा गिअरबॉक्स बदलला, सगळे नट जागेवर, सगळे बोल्ट जागेवर, शेवटी थाळीत एकसुद्धा उरला नाही, तरी गाडी वाजते म्हणजे काय? एखादा नट उरला असता तर माणूस समजू शकतो. म्हणतो, हा बघा चोर, इथे थाळीत बसून माझी मजा बघतोय. पण थाळी रिकामी! आणि गाडी दुसऱ्या गिअरला टाकली, की खालून आपलं... खडखड खडखड खडखड.

तुम्हाला सांगतो, गाडी माझी नाही. दादाची. म्हणजे, होती. जुना गिअरबॉक्स त्यानेच उतरवला, दुसरा भंगाराच्या आवारात वाकून वाकून शोधून आणला, पुसून दारात ठेवला, म्हणाला उद्या दोघं मिळून चढवू, आणि झोपला तो उठलाच नाही. काही आजार नाही, काही नाही. अरे, माणूस जाताना थोडंफार आवरून जातो की नाही? याने गाडी ठोकळ्यांवर टांगली आणि गेला. लोक भेटायला यायचे, गिअरबॉक्सला वळसा घालून आत जायचे, रडायचे, परत वळसा घालून बाहेर. आता मी चिडू कुणावर? गिअरबॉक्सवर चिडलो. लाथ घातली. अंगठा अजून निळा आहे, दाखवू?

तर वहिनी म्हणाली, अगदी हळू आवाजात, "भाऊजी, ही गाडी देऊन टाकू या. अशी दारात लटकलेली रोज बघवत नाही मला."

झालं! माझ्या तोंडाला कुठे ब्रेक? मी म्हटलं, मी चढवतो गिअरबॉक्स. कोण? मी! शाळेने मला आणि मी शाळेला एकदमच सोडलं, आणि कामाचं म्हणाल तर दादा गाडीखाली आणि मी वरून पाने पुरवणार. तो बारा नंबर मागायचा, मी चौदा द्यायचो, तो खालूनच शिव्या घालायचा. आता खाली मी आणि वर कोणी नाही. मीच म्हणायचो बारा दे, आणि मीच चौदा उचलायचो. शिव्यासुद्धा मलाच घालाव्या लागायच्या!

शेवटी गॅरेजवाले मामा आले, त्यांनी जॅक लावला, मी ढकललं, आणि बसला हो गिअरबॉक्स. गाडी सुरू झाली. आई दारात येऊन उभी राहिली. पहिला गिअर, लोणी. मग दुसरा टाकला... खडखड खडखड खडखड.

वहिनी म्हणाली, असल्या गाडीत मी आईंना घेऊन बसणार नाही, रस्त्यात सुटी झाली म्हणजे? गाडी बघायला शनिवारी एक गृहस्थ येतायत. तोवर आवाज गेला तर ठेवू, नाहीतर जाऊ दे.

मग काय, लावला सगळ्यांना कामाला. आईला मागच्या सीटवर आडवं केलं, स्टीलचा पेला उलटा करून तळाला लावायला दिला, कान पेल्यावर. ती म्हणाली, "सांधा आहे रे. उठताना-बसताना वाजतोय." आईचे गुडघे धरलेत गेली कित्येक वर्षं! शेजारचे अण्णा डिकीत बसले. बाहेर आले ते कवळी सावरतच. म्हणाले, कुठेतरी दात हलतोय. तुम्हाला सांगतो, ज्याला त्याला गाडीत आपापलंच दुखणं ऐकू येतं! आणि मामा? मामा डोळे मिटून ऐकत बसले, साधू बसावा तसे, आणि म्हणाले, "घरघर असती तर बेअरिंग. ही खडखड आहे. म्हणजे काहीतरी सैल आहे." अहो मामा, एवढं तर गाडीलाही माहीत आहे!

मी गिअरबॉक्स परत उतरवला. परत चढवला. प्रत्येक बोल्टला विचारलं, बाबा तू आहेस का? प्रत्येक बोल्ट घट्ट. सगळं घट्ट, एक मीच तेवढा सैल झालेलो. चाचणीला निघालो, दुसरा गिअर टाकला, आणि खालून आपलं... खडखड खडखड खडखड.

उजाडला शनिवार. मी गाडीशेजारी जमिनीवर बसलेलो, हात काळे, तोंड त्याहून काळं. वहिनी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि पुढचं दार उघडून बसली. दादा गेल्यापासून ती त्या सीटवर बसली नव्हती. म्हणाली, "चला, मलाही एकदा ऐकू द्या."

निघालो. पहिला गिअर. दुसरा टाकला. खडखड खडखड... आणि वहिनी हसायला लागली हो! पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, गेली, हीसुद्धा कामातून गेली.

"हा आवाज?" ती म्हणाली. "एवढे दिवस तुम्ही हा आवाज शोधताय? भाऊजी, हा पहिल्यापासून आहे."

पहिल्यापासून म्हणजे? तर म्हणे लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला निघाले, दुसऱ्या गिअरला गाडी वाजायला लागली, ही घाबरली, म्हणाली मला उतरवा. तर दादाने गायला सुरुवात केली. मोठ्यांदा. आवाज झाकायला! तेव्हापासून दुसरा पडला की गाणं सुरू, तिसरा पडला की बंद. घरी येईपर्यंत खडखड तीही विसरून गेलेली.

आणि मला एकदम आठवलं हो... दादाचं ते गाणं! शब्द नाहीत, सूर नाही, नुसता हंबरडा. आई मागून खांद्यावर चापटी मारायची, बंद कर रे ते रेकणं. मी कानात बोटं घालायचो. आम्हाला वाटायचं याला गायची हौस! इतकी वर्षं आम्ही गाणं ऐकत होतो आणि गाडी खाली खडखडत होती. गाणारा गेला, तेव्हा कुठे ऐकू आली.

तशीच गाडी मामांच्या खड्ड्यावर नेली. खालून बघतो तर सायलेन्सरवरचा पत्रा. गंजून बोल्टचं भोक मोठं झालेलं, आणि बोल्टऐवजी तार. तारेवर तार, तिच्यावर तार, सगळे पीळ दादाच्या डावऱ्या हातचे, डावीकडे पिळलेले. एवढा जवळून गेलो होतो मी रोज! मामा म्हणाले, दोन टाके वेल्डिंगचे मारतो, जन्माची खडखड गेली.

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी त्या तारेकडे बघत होती.

"पत्रा पडणार नाही एवढी अजून एक तार घाला मामा," ती म्हणाली. "वाजू दे."

घरी परतलो तर गृहस्थ दारात उभे. आता आलेच होते, तर त्यांनाही एक चक्कर मारायला घेतलं. दुसरा गिअर टाकला आणि मी दिला आवाज, दादासारखा, छाती फोडून. गृहस्थ कोपऱ्यावरच उतरले. म्हणाले, मी चालत जाईन.

गाडी राहिली! आता रोज आई मागे, वहिनी पुढे, आणि दुसऱ्या गिअरला मी गातो. मन लावून गातो हो. परवा वहिनी म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? खडखडच ऐकू या." मागून आई म्हणाली, "थोरला निदान एका पट्टीत रेकायचा."

काय करणार... तिसरा गिअर लवकर टाकायचा, एवढंच आपल्या हातात.