ठाकूरद्वारचा साहेब

प्लेगच्या साली मी ठाकूरद्वारला ट्रामची वाट पाहत होतो. शेजारी एक नवखा साहेब उभा होता. दोन विद्यार्थी हौसेने त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागले. आपसांत मात्र मराठीत.

"साहेब, आपण कोठून आलात?"

"स्कॉटलंडहून. परवाच बोटीतून उतरलो."

"तुळशीदास, त्याला सगळं समजलं बघ! आता तू विचार काहीतरी."

"तूच विचार, जगन. मला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत."

"साहेब, मी मॅट्रिकला बसणार आहे. या समोरच्याच वाडीत राहतो."

"घरी कोण कोण असतं?"

"आईवडील आणि आत्या. आत्या चार दिवस तापाने पडून आहे."

"अरेरे. आणखी काही होतंय तिला?"

"काखेत गाठ आली आहे. तुळशीदास, गाठीला शब्द बरोबर वापरला ना रे मी?"

"जगन, गप्प बस."

"का? चुकलो का?"

"त्याच्या पेटीवर काय लिहिलंय ते वाच. डॉक्टर आहे तो."

"साहेब, आपण... मुंबईत कशासाठी आलात?"

"प्लेगचे रोगी शोधून इस्पितळात न्यायला. सरकारने बोलावलंय मला."

"साहेब, मी चुकीचं सांगितलं. माझं इंग्रजी फार कच्चं आहे."

"नाही बाळ, मला नीट समजलं. चल, घर दाखव."

"तुळशीदास, मी हे काय करून बसलो रे?"

"रडू नकोस. चल, मीही येतो. साहेब आत्याला जे सांगेल, ते मराठीत तुलाच सांगावं लागणार आहे."