ओढलं की सुटणारा पट्टा

—नाय गो, तो नको, लाल हाय, दिसायला छान हाय, पण बकल बघ त्याचं — ओढ, जोरात ओढ — सुटतंय? नाय ना? मग तो कुत्र्याचा. तुझं पिल्लू बाहेर फिरणारं म्हणालीस ना? मांजर काय रस्त्यानं चालतं? कुंपणातनं घुसतं, पत्र्याखालनं जातं, पट्टा कुठं अडकला तर त्याच्या वजनानंच सुटला पायजे. हा खेच. बघ, टक करून सुटला! हा मी शिवलेला. हरवेल म्हणतेस? हरवू दे, दुसरा शिवून देईन. मांजर नाय शिवता येत मला. आणि इलॅस्टिकचा तर अजिबात नको, पुढचा पाय अडकतो त्यात, काख सोलून निघते. मानेत आणि पट्ट्यात दोन बोटं गेली पायजेत — एवढं लक्षात ठेव. रंग केशरीच घे. आणि ही चमकणारी पट्टी — धाटावच्या कंपनीतली माणसं जॅकेटांच्या चेन बदलायला येतात, जुनी जॅकेटं इथंच टाकून जातात, त्यातली काढलेली. लांबनं बघणाऱ्याला कळलं पायजे, हे कुणाचं तरी हाय. नायतर लोक काय म्हणतात? भटकं हाय, उचला, पोत्यात घाला.

व्हय, पोत्यात. माझ्या शब्बूला घातलं तसंच. शनिवारी, आम्हा ज्यू लोकांच्या शब्बाथाच्या दिवशी दारात आली म्हणून शब्बू — आमच्या बेंजामिननी ठेवलं नाव. बेंजामिन म्हणजे आमचे हे, गेले तीन वर्षांपूर्वी. आमची अख्खी पेणकर मंडळी तिकडं इस्रायलला गेली, आम्ही दोघंच मागं रोह्यात, आणि ते गेल्यावर मी आणि ती. हे आजारी होते तेव्हा त्यांच्या पायाशी बसून असायची, डॉक्टर आला तरी हलायची नाय. ते गेल्यावर त्याच जागी बसायची. मांजराला काय कळतं, असं मला कुणी सांगू नये.

मागच्या आळीत एकानं गच्चीवर बोंबील वाळत घातले होते. खाल्ले असतील तिनं, मी नाय म्हणत नाय. सांगायचं होतं, भरून दिले असते. त्यानं काय केलं? पोत्यात भरली, पोतं टेम्पोत टाकलं, आणि पेणला माल घेऊन जाताना वाटेत कासूला सोडली. त्याच्याच ड्रायव्हरनं सांगितलं मला, तेही आठव्या दिवशी, त्याला राहवलं नाय तेव्हा. मी गाडीनं कासूला उतरले, शेतं धुंडाळत, शब्बू शब्बू करत. मोरू म्हणून एक शेतकरी होता, तो वाट दाखवत पुढं चालला. वालाच्या शेताला तारेचं कुंपण होतं. पट्टा तारेत अडकला होता. तो बाजारातला पट्टा असतो ना, पक्क्या बकलाचा, तसला. सुटला नाय. मोरूनंच आपल्या खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून दिली मला.

जाऊ दे. नंबर सांग, पट्ट्यावरच दोऱ्यानं भरते — लोंबता बिल्ला नको, तो अडकतो. हां... अठ्ठ्याण्णव... पुढं?... हां... सत्त्याहत्तर... झिरो चार.

हा कुणाचा नंबर गो?

सासऱ्यांचा? कमळाकरची, त्या टेम्पोवाल्याची सून तू? पेणची करून आणलीन ती? — नाय, बस, बस. तुला कसं ठाऊक असणार. हा नंबर मला लिहून घ्यावा लागत नाय. सात वेळा भरलाय मी. मासळी बाजारातली सात मांजरं, सातांच्या गळ्यात केशरी पट्टा आणि हाच नंबर. हौसाबाईचं पापलेट पळवलं, लाव फोन. कुणाच्या दुधात तोंड घातलं, लाव फोन. जेवताना घास खाली ठेवून उठतो म्हणतात. नंबर बदलता येत नाय, धंद्याचा पडला. वाजू दे! मरेस्तोवर वाजू दे!

काय म्हणालीस? पिल्लू त्यांनीच आणलं? मांडीवर घेऊन बसतात? आपल्या हातानं बोंबील भरवतात — कमळाकर?

बघितलंस? स्वतःचं झालं की कळतं. माझ्या दारात उभा राहून काय म्हणाला होता माहितीये? "गळ्यात नाव असतं तर पोचती केली असती, नाओमीबाई." खोटारडा! त्याला काय ठाऊक नव्हतं? रोज बघत होता तिला माझ्या ओट्यावर! नाव असतं तरी... पण नव्हतं ना गो. नव्हतं लिहिलेलं. आणि पट्टा बाजारातला नव्हता. मी शिवलेला. दप्तराचं बकल लावून, घट्ट. बेंजामिन सांगायचे, मोकळी राहू दे तिला. हे गेले आणि मला वाटलं, आता ही तरी माझ्यापासून सुटता कामा नये...

हात नको लावू मला. तुझं काय नाय त्यात.

पट्टा आज मिळणार नाय. नंबर भरते, तयार ठेवते, पण न्यायला त्याला पाठव. म्हणावं, स्वतः ये, इथं उभा राहा, चार गिऱ्हाइकं असतील तेव्हा, आणि कुणाला पोत्यात घातलं होतं ते तिचं नाव घेऊन सांग. नाय आला तर बाजारातल्या आठव्या मांजराच्या गळ्यातही हाच नंबर, नवव्याच्याही. तोवर पिल्लू घरात ठेव. खिडकी लाव. तो लाल पट्टा चुकून बांधू नकोस त्याला, ऐकतेस ना? — चल, जा आता. ऊठ म्हणते ना.