खालच्या बिजागरीखालची पट्टी

पोलीस ठाणे, नेकारवाइलर
दिनांक १४ नोव्हेंबर २०१३, सकाळी ९ वाजून १० मिनिटे

मी, गॉटहिल्फ बॉयर्ले, वय ७५ वर्षे, शिक्षण आठवी, धंदा सेवानिवृत्त कामगार (दुरुस्ती: दार बसवणारा), राहणार म्यूलगासे १७, नेकारवाइलर, समक्ष सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन आलो आहे. सोबत ओळखपत्र, पेन्शनचे कार्ड आणि एक पिशवी आणली आहे. पिशवीत पायजमा, दाढीचे सामान आणि रक्तदाबाच्या आठ दिवसांच्या गोळ्या आहेत. आठ दिवस पुरतील की नाही ते मला माहीत नाही.

माझी पत्नी २००६ साली वारली. मी मुलगी हाइडरून, वय ४४, हिच्यासोबत राहतो. ती हेल्बर्ग मोटार कंपनीत दारांच्या विभागाची प्रमुख आहे. मीही तिथेच चाळीस वर्षे होतो. दिनांक २३ ऑक्टोबरपासून कंपनीने तिला घरी बसवले आहे. हेल्बर्गच्या दाराचे गुपित तिने ओस्टाख कंपनीला दिले, असा तिच्यावर संशय आहे आणि तशी तक्रार कंपनीने इथे दिली आहे. हेल्बर्ग आणि ओस्टाख या दोघांचीही नवी गाडी येत्या मार्चमध्ये यायची आहे. ज्याची आधी आणि चांगली येईल त्याला सगळ्या टॅक्सीवाल्यांचा धंदा मिळणार. टॅक्सीचे दार दिवसाला शंभर वेळा आपटते, म्हणून दाराला महत्त्व आहे.

ओस्टाखची माणसे बसतात त्या ‘लाम’ खाणावळीबाहेर हाइडरूनची गाडी दोन वेळा दिसली, असे कंपनीचे म्हणणे आहे. ते खरे आहे. ती मला न्यायला आली होती. तीन आठवडे ती रोज सकाळी सहाला उठते, कामाचे कपडे घालते आणि स्वयंपाकघरात बसून राहते.

गुपित तिने दिलेले नाही. मी दिले आहे. ते असे.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही ‘लाम’मध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी बसतो. एका बाजूला हेल्बर्गचे पेन्शनर, दुसऱ्या बाजूला ओस्टाखचे. मधे खाऱ्या ब्रेझेल पावांची टोपली. थंडी असली तरी खिडकी थोडी उघडी ठेवायची, असा रिवाज आहे. बाहेर गाडी थांबली की कोणी मान वळवायची नाही. दाराच्या आवाजावरून गाडी ओळखायची.

दिनांक २४ फेब्रुवारी रोजी साडेअकराच्या सुमारास एक दार वाजले. मी म्हणालो, “ओस्टाख. पत्र्याची बादली.” सगळे हसले. समोर आल्फोन्स रूऑफ होता, ओस्टाखचा जुना फोरमन. त्याचा जावई अजून ओस्टाखमध्ये आहे. रूऑफ लाल झाला आणि म्हणाला, “अरे गॉटहिल्फ, तुमचं दार मऊ लागतं ते तुझ्यामुळे होय? तू तर नुसता स्क्रू पिळायचास! तुला काय ठाऊक त्यातलं?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही? मला?”

“मग सांग की. नाही ना येत? बघा रे, चाळीस वर्षं दारात उभा होता, आत काय चाललंय याचा पत्ता नाही!”

माझी तेव्हा दुसरी बिअर चालू होती. मी ग्लासाखालचा पुठ्ठा उलटा केला आणि पेन्सिलीने दार काढले. खालच्या बिजागरीखाली दीड मिलिमीटरची पितळी पट्टी दाखवली. म्हणालो, “हे बघ. ही असली की दार लोण्यात सुरी गेल्यासारखं लागतं.” रूऑफने पुठ्ठा आपल्याकडे ओढून नीट पाहिला. घरी निघताना पुठ्ठा टेबलावर नव्हता. तो मी शोधला नाही. शोधायला हवा होता.

ही पट्टी आम्ही १९७९ पासून घालत होतो. फोरमन किमिश यांनी तेव्हा सगळ्यांना उभे करून सांगितले होते, “हे या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये.” मी पत्नीलाही सांगितले नव्हते. १९९१ नंतर दारे यंत्रे बसवू लागली आणि मी शेवटच्या तपासणीला गेलो. पट्टी आता यंत्रच घालत असेल, असे मी धरून चाललो.

आता आपण मला दाखवलेल्या नकाशाची प्रत मी पाहिली. दोन्ही कंपन्यांना साचे पुरवणाऱ्या एका कारागिराने ती हेल्बर्गकडे निनावी पाठवली, असे आपण सांगितले. नकाशा ओस्टाखच्या नव्या गाडीच्या दाराचा आहे. त्यात खालच्या बिजागरीखाली दीड मिलिमीटरची पितळी पट्टी आहे. ती मी ओळखली. ती माझीच आहे. माझ्या मुलीवरचा संशय काढावा आणि मला आत घ्यावे.

यानंतर अधिकारी श्रीमती झाइट्स यांनी मला पाणी दिले आणि दोन फोन केले. सकाळी १०.४० वाजता माझी मुलगी आणि हेल्बर्गचे वकील डॉ. एंगेलहॉर्न असे दोघे ठाण्यात आले. मी सर्व पुन्हा सांगितले. मुलीकडे पाहिले नाही.

मुलीने विचारले, “बाबा, कुठली पट्टी?”

मी म्हणालो, “पितळी. किमिशची.”

श्रीमती झाइट्स यांनी नकाशा तिच्यापुढे ठेवला; कंपनीने तो तिला दाखवला नव्हता. तो पाहून ती खाली बसली आणि हसू लागली. तीन आठवड्यांत प्रथमच. डॉ. एंगेलहॉर्न यांनी बरे वाटत नाही का, असे विचारले. ती म्हणाली, “अहो, एकोणऐंशीला चार नंबरच्या शेडमध्ये क्रेनवरून साचा निसटून पत्रा ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसवर पडला. तेव्हापासून प्रेस वाकडी मारायची. वाकड्या पत्र्यावर दार सरळ बसावं म्हणून ही पट्टी! एक्क्याण्णवला प्रेस भंगारात गेली, पट्टीही गेली. बाबा, किमिश गुपित राखत नव्हते, लाज राखत होते. आपलं दार मऊ लागतं ते दाराभोवतीच्या रबरामुळे. त्या नकाशात रबराची एक रेघ नाही.”

मी विचारले, “आणि सरळ पत्र्यावर ही पट्टी घातली तर?”

“तर दाराचा खालचा कोपरा बाहेर येतो. वारा शिरतो, पाणी शिरतं. आणि आवाज...”

मी म्हणालो, “पत्र्याची बादली.”

डॉ. एंगेलहॉर्न यांनी बॅगेतून नकाशासोबत आलेले कारागिराचे पत्र काढले आणि वाचून दाखवले. त्यात लिहिले आहे की, ओस्टाखचे इंजिनियर या पट्टीवरून दोन महिने भांडत होते. शेवटी वरून हुकूम आला, ‘हेल्बर्ग घालते ना, मग घाला.’ गेल्या मंगळवारच्या पेपरात बातमी होती की, ओस्टाखची नवी गाडी मार्चऐवजी पुढच्या हिवाळ्यात येईल. कारण दिलेले नव्हते. ती बातमी मीही वाचली होती, पण तेव्हा माझे लक्ष नव्हते.

डॉ. एंगेलहॉर्न बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. मग म्हणाले, “बॉयर्ले साहेब, स्पर्धकांना मागे टाकायला आमच्याकडे चाळीस माणसांचा विभाग आहे. त्यांना हे जमलं नाही. मार्चमध्ये बाजारात आम्ही एकटेच.” मुलीविरुद्धची तक्रार कंपनी मागे घेत आहे, असे त्यांनी माझ्यासमोर लेखी दिले. सोमवारी सकाळी सात वाजता ती कामावर हजर होईल. तिने त्यांना सांगितले, “सातला नाही. सहाला येते.”

माझ्यावर गुन्हा होतो का, असे मी दोन वेळा विचारले. होत नाही, असे श्रीमती झाइट्स यांनी दोन्ही वेळा सांगितले. पिशवी मुलीने उचलली आहे.

आल्फोन्स रूऑफ याच्याशी या विषयावर काही बोलू नये, अशी समज मला देण्यात आली. बोलणार नाही. येत्या रविवारी साडेअकरा वाजता मी ‘लाम’च्या खिडकीखाली मुलीची हेल्बर्ग गाडी उभी करीन आणि दार एकदा लावीन. तेवढेच.

वरील मजकूर मला मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सुरुवातीला धंद्याच्या जागी ‘सेवानिवृत्त कामगार’ असे लिहिले होते, तिथे ‘दार बसवणारा’ असे करावे, ही माझी विनंती मान्य झाली. खाली सही करतो.

गॉटहिल्फ बॉयर्ले